प्रसेनजीतची उत्तरपत्रिका

१

आमच्या घरात फॉर्म भरायचा म्हणजे मी. रेशनचा, गॅसचा, प्रसेनजीतच्या आयटीआयचा, आईच्या पेन्शनचा, सगळे मीच भरले. वडील गेले तेव्हा मी अकरावीत होते. दाखल्याचा फॉर्म समोर आला तसा आईनं माझ्याकडं सरकवला, आणि तेव्हापासनं ते काम मला चिकटलं. खाली सही फक्त ज्याची त्यानं करायची. घाईत असलं की तीसुद्धा मीच ठोकायची.

नोकरीही तसलीच मिळाली. मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि मंगळवार पेठेत धैर्यशील सरांच्या ऑफिसात लागले. खाली भांड्यांचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. कारखानेवाले भरतीआधी माणसं आमच्याकडं पाठवतात आणि आम्ही त्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतो. माणूस तापट आहे का, शिस्तीचा आहे का, चारचौघांत मिसळतो का, हे बघायचं. पुस्तिकेत एकशेवीस विधानं असतात. प्रत्येकापुढं होय किंवा नाही, उत्तरपत्रिकेवरचा गोल पेन्सिलीनं काळा करायचा. मग मी त्यावर भोकं पाडलेली प्लास्टिकची पट्टी ठेवते आणि भोकांतनं दिसणारे काळे गोल मोजते. झाला माणूस मोजून.

विधानं छापील मराठीत आहेत, त्यामुळं बरेच जण अडतात. मग मी मोठ्यांदा वाचून दाखवते. मागं गडहिंग्लजकडचे केरबा म्हणून एक पावणं आले होते. 'मी सहसा निराश होत नाही' हे वाचलं, तर म्हणाले, "थांबा मॅडम, मंडळींना फोन लावून इचारतो." मी म्हटलं, "अहो, तुमच्याबद्दल आहे ते." तर म्हणाले, "म्हणून तर. मला काय म्हाईत असतंय?"

मी हसले होते तेव्हा. माझं तोंड जरा जास्तच चालतं, सगळ्यांना हसायची सवय आहे मला. आता ती पुष्कळ कमी झाली.

२

प्रसेनजीत माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आम्ही पशा म्हणतो. उचगावात आमचं दोन खोल्यांचं घर आहे, पण पशा घरात असला की ते चार गल्ल्यांना कळायचं. बोलणं मोठं, हसणं मोठं, मोबाईलवरची गाणी त्याहून मोठी. राग तर विचारूच नका. दोन वर्षांत तीन नोकऱ्या गेल्या त्याच्या. एकदा सुपरवायझरची कॉलर धरली, एकदा गेटवरच्या माणसाशी जुंपली, तिसऱ्यांदा काय झालं ते त्यानं सांगितलंच नाही. आईला त्याची काळजी लागून राहिली होती. ती म्हणायची, "ह्यो असाच ऱ्हायला तर माझ्या माघारी ह्याला कोण इचारणार गं?"

चौथी नोकरी एका फाउंड्रीत, आणि भरतीची चाचणी आमच्याच ऑफिसात. सरांना नातं सांगितलं असतं तर त्यांनी दुसरीकडं पाठवला असता. मी नाही सांगितलं.

पशाच्या तारखेला सर पुण्याला गेले होते. पशा आला, खुर्चीवर मागं रेलला आणि म्हणाला, "आक्का, तूच भर की. तू भरतीसच की सगळं." त्यानं पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. मी पेन्सिल घेतली. खरं सांगायचं तर मला त्यात काही गैर वाटलंच नाही. आमच्या घरात आणखी एक फॉर्म, एवढंच.

मी शांत माणूस भरला. राग न येणारा, वेळ पाळणारा, सांगितलेलं ऐकणारा. जसा भाऊ मला हवा होता तसाच भरला असंही म्हणता येईल. चव्वेचाळिसाव्या विधानाशी मी थांबले. 'मी आयुष्यात कधीही खोटं बोललेलो नाही.' हे विधान मुद्दाम घातलेलं असतं, होय म्हणणारा हमखास थापाड्या. भावाची खोटी पत्रिका भरताना मला त्याचं हसू आलं. म्हटलं हे शेवटी बघू, आणि पुढं गेले. शेवटी एक गोल राहिला होता तो काळा केला. पशानं खाली सही केली आणि मिसळ खायला गेला.

कारखान्याला तीनच मापं लागतात आणि ती पहिल्या चाळीस विधानांत संपतात. पुढचं कुणी मोजत बसत नाही. मीही नाही मोजलं. पशा लागला.

३

पहिला महिना सोन्यासारखा गेला. पशा साडेपाचला उठायचा. डबा स्वतः उचलायचा. शेजारच्यांनी दारात गाडी आडवी लावली तरी तो गप बाजूनं निघून जायचा. आई प्रत्येकाला सांगत सुटली की पोरगं सुधारलं. मलाही बरं वाटलं. नव्या नोकरीचा धाक असतो, वय वाढतं, माणूस बदलतो. यात गूढ काही नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासनं कानाला टोचत होती. एका सकाळी आई म्हणाली, "च्या पिऊन जा की, पाच मिंटं." पशा चप्पल घालत होता. तो थांबला आणि म्हणाला, "मी ठरलेली वेळ पाळतो."

आई हसली. मी नाही हसले. आमच्या घरात असं कोण बोलतं? पशा म्हणाला असता, "उशीर व्हतोय, ऱ्हाऊ दे." आम्ही सगळेच असं बोलतो. मी ऑफिसात जरा नीट बोलते, पण घरात आले की व्हय-न्हाय सुरू. हा पुस्तकातनं वाचल्यासारखं बोलला. म्हटलं साहेबलोकांत राहून शिकला असेल.

दुसऱ्या महिन्यात तो हात धुवायला लागला. फाउंड्रीत साच्यांची काळी वाळू असते, हात धुतलेच पाहिजेत, पण हा रजेच्या दिवशीही धुवायचा. मोरीतला नळ सुरू व्हायचा, बंद व्हायचा, पुन्हा सुरू. बोटांची सालं निघाली. मी विचारलं तर नळाकडं बघतच म्हणाला, "मातीने हात खराब झालेले मला सहन होत नाहीत."

"फाउंड्रीत काम करतोस आणि माती सहन होईना?" मी ओरडले. आधीचा पशा माझ्या दुप्पट ओरडला असता. मी वाट बघितली. त्यानं नळ बंद केला, हात पुसले आणि पुन्हा नळ सुरू केला.

मग गाणी बंद झाली. जयंतीच्या मिरवणुकीत रात्रभर नाचणारा माझा भाऊ. यंदा वस्तीतली पोरं बोलवायला आली, तर हा आतल्या खोलीत दिवा मालवून बसला होता. कॉटवर, भिंतीला पाठ न टेकवता, सरळ. पोरं दारातनं हाका मारून कंटाळून गेली. मी दिवा लावला तेव्हा त्याचे डोळे उघडेच होते. तो माझ्याकडं बघत होता, म्हणजे मी दिवा लावायच्या आधीपासनंच बघत असणार.

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. स्वतःच्या भावाची भीती वाटते हे कुणाला सांगणार?

४

सरांना सांगितलं, पण आडून. म्हटलं, "सर, माणूस चाचणीत जसा दिसतो तसा तो नंतर होत जातो, असं कधी झालंय का?"

धैर्यशील सर चष्मा पुसत होते. ते म्हणाले, "मॅडम, वजनकाट्यावर उभं राहून कोण जाड झालंय का?"

मी हसले. बरोबरच होतं त्यांचं. मी स्वतः दहादा हे सांगितलंय लोकांना, की चाचणी फक्त मोजते. आणि दुसरंही शिकलेय मी: माणसाच्या डोक्यात एकदा शंका बसली की तो पुरावे गोळा करतच राहतो. पशाला काहीतरी झालं होतं, मान्य. कामाचा ताण असेल, कुणी छळत असेल, डॉक्टरला दाखवायला हवं. मी राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांची शुक्रवारची वेळसुद्धा घेतली.

गुरुवारी घरी आले तर आई बाहेरच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती नुसती.

"काय झालं गं?"

"पशाला जेवाय वाढलं. ताट बघितलंन, माझ्याकडं बघितलंन, म्हणाला, घरातली माणसं कधीकधी मला अनोळखी वाटतात." आईनं ते वाक्य अगदी त्याच्यासारखंच म्हणून दाखवलं, छापील. "असं कोण बोलतंय का गं आईला?"

मी तिच्याशेजारी पायरीवर टेकले. आईच्या दुःखानं नव्हे, ते नंतर आलं. ते वाक्य मला पाठ होतं. अडलेल्या माणसांना आठवड्यातनं चार वेळा मी ते वाचून दाखवते. एकाहत्तर नंबरचं विधान.

पण त्याचं उत्तर मी 'नाही' भरलं होतं. एवढं मला पक्कं आठवत होतं.

५

शुक्रवारी डॉक्टरकडं नाही गेले. सकाळी सरांच्या आधी ऑफिस उघडलं, खिडकी न उघडता दिवा लावला आणि फाउंड्रीचा गठ्ठा काढला. खाली दुकानात कोणीतरी पातेली उतरवत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

पशाची पत्रिका सापडली. एकाहत्तरला 'होय' काळं होतं.

पुस्तिका शेजारी ठेवून मी एकेक पडताळत गेले. त्रेचाळीसपर्यंत सगळं जिथल्या तिथं. चव्वेचाळीस मी सोडलं होतं, पण पत्रिकेवर चव्वेचाळीसचा गोल काळा होता. पंचेचाळीसचं उत्तर मी चव्वेचाळीसच्या ओळीत भरलं होतं, सेहेचाळीसचं पंचेचाळीसच्या, आणि तिथनं पुढं सगळंच एकेक ओळ वर. शेवटी एक गोल शिल्लक राहिला त्यात नवल काय! 'वरिष्ठांची टीका मी शांतपणे ऐकतो' याचं माझं होय जाऊन बसलं होतं घरची माणसं अनोळखी वाटण्यापुढं. वेळेत काम संपवण्याचं होय मातीच्या हातांपुढं. 'लहानसहान गोष्टींवरून मी हात उगारतो' याला दिलेलं नाही होतं 'गाणी ऐकून माझं मन रमतं' याच्यापुढं. 'अंधारात बसून राहायला मला आवडतं.' होय.

अशी चूक आठवड्याला एक तरी माणूस करतो, आणि मी त्याला झापते.

मी खुर्चीत बसून राहिले. माझं शिक्षण, सरांचा वजनकाटा, सगळं डोक्यात होतं, पण कशाचा उपयोग होईना. त्रेचाळीसपर्यंत मला हवा होता तसा भाऊ. पुढं ओळ चुकून तयार झालेला कुणीतरी. आणि पशा स्वतः? त्यानं तर पुस्तिका उघडलीच नव्हती. त्याचं त्या कागदावर सहीपलीकडं काहीच नव्हतं.

मग उरलेली विधानं वाचली. पशानं अजून करून दाखवलं नव्हतं असं कितीतरी बाकी होतं. एकशे सोळाचं होय बघितलं आणि मी पत्रिका घडी करून पर्समध्ये टाकली. ते विधान काय होतं ते मी आईला सांगितलं नाही आणि इथंही लिहिणार नाही.

६

रविवारी दुपारी तीनला आई आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो. पशा आत होता. आईला मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती मला वेड्यात काढेल. ती म्हणाली, "मग खोड आन् नीट भर. फारम चुकला तर आपण दुसरा भरतोय की."

मी पेन्सिलीची उत्तरं खोडायला घेतली. शेवटापासनं सुरुवात केली. एकशेवीस, एकशे एकोणीस, अशी वर वर. आत मोरीचा नळ चालू-बंद होत होता. सत्तावन्न, मातीच्या हातांचं, खोडलं तसा नळ थांबला. आईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, झाले असतील हात धुऊन. मग कॉट करकरली, तो बसला असावा. मी खोडत राहिले. पहिल्या विधानापर्यंत आले तेव्हा रबराचा भुगा मांडीवर साचला होता आणि आतनं कसलाच आवाज येत नव्हता. घरात माणूस असला की काहीतरी वाजतं, खोकतो, कूस बदलतो. तसलं काहीही नाही.

"भर लवकर," आई म्हणाली. तीसुद्धा दाराकडं बघत नव्हती.

"एक. 'मी लवकर चिडतो.' होय."

"न्हाय गं, पशा कुठं चिडतोय?"

"आई, तीन नोकऱ्या गेल्या त्याच्या."

"ते भाईर. घरात न्हाय चिडत."

"रिमोट फोडला तो कुणी?"

"तू टोचून बोललीस म्हणून फोडला. त्याला चिडणं म्हणत्यात व्हय?"

मी रकाना सोडला. दोन, तीन. 'मला नवी माणसं जोडायला आवडतात.' मी म्हटलं होय. आई म्हणाली, लोकांत हसतंय नुसतं, मनातनं बुजरं हाय. चारला आमचं पटलं. पाचला पुन्हा वाजलं. सहाला आई म्हणाली, "राग थोडा कमीच लिव. भरतीसच, तर बरं भर की." मी पेन्सिल खाली ठेवली आणि तिच्यावर खेकसले, कारण नेमकं तेच माझ्या मनात आलं होतं. चोवीस वर्षं एका घरात जेवलो आम्ही. तिसरी नोकरी का गेली, तो आतनं बुजरा आहे का, हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. आम्हाला फक्त आमचा आमचा पशा माहीत होता.

नऊशी पुन्हा अडलो. 'एकदा निघालो की मी मागे वळून पाहत नाही.' आई म्हणाली न्हाय, मी म्हटलं होय. तो रकानाही राहिला.

"हे सगळं ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं. "माझ्यावर त्येची माया हाय. ते पयलं लिव. बाकीचं मागनं बघू."

मी पुस्तिकेत ते विधान शोधायला लागले. भराभरा पानं उलटली, मग बोट ठेवून एकेक वाचलं, एक ते एकशेवीस. वेळ होती, शिस्त होती, यंत्रं होती, वरिष्ठ होते, अंधार होता. आई कुठंच नव्हती. मायेबद्दल त्यात एक ओळ नव्हती. पाच वर्षं रोज वाचतेय ती पुस्तिका, माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

"सापडंना व्हय?" आईनं विचारलं.

तेवढ्यात दार सरकलं. तो उंबऱ्यात उभा होता. शर्ट पशाचा, उंची पशाची, हनुवटीवरचा व्रणही तोच. फोटो काढताना स्टुडिओवाला हलू नका म्हणतो तेव्हा असतो तसा चेहरा होता त्याचा, आणि तो तसाच राहिला. मी पापणी लवायची वाट बघितली.

त्यानं आईकडं बघितलं.

"मावशी," तो म्हणाला, "पाणी मिळेल का?"

मला किंचाळावंसं वाटलं. मी आईकडं वळले. वाटलं ती त्याला मिठी मारेल, नाहीतर मुस्काटात देईल. आई उठली. तिनं तांब्या भरला, फुलपात्र त्यावर ठेवलं, आणि दोन्ही हातांनी पुढं केलं.

"घ्या की पावणं," ती म्हणाली. "कुठनं आलासा? उन्हाचं लय चाललासा दिसताय."

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. तिचे डोळे मी बघितले, त्यांत ओळख नव्हती. मी पत्रिका मांडीवर ओढली. काहीतरी भरायला हवं होतं, काहीही, पत्रिका रिकामी ठेवून चालणार नव्हतं. बोट नऊवर होतं. मी खरं-खोटं न बघता होय काळं केलं, पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत.

तो पाणी प्यायला. फुलपात्र खाली ठेवलं, चप्पल घातली आणि पायरी उतरला.

मी दारात धावले. पशा म्हणून हाक मारली, प्रसेनजीत म्हणून मारली, शेवटी नुसतीच ओरडले. समोरच्या घरातनं बायका बाहेर आल्या. तो सरनोबतवाडीच्या बाजूला चालत राहिला, ना हळू ना घाईनं.

मागं आई तांब्या उचलत होती.

"कुणाचं पोरगं गं ते?" तिनं विचारलं. "चांगल्या घरातलं वाटलं."